विकलन आणि वगळलेली चले

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत समुद्रकाठचे तारापूर आणि सह्याद्रीच्या पायथ्याचे शहापूर-मुरबाड ठाणे या एकाच जिल्ह्यात होते. एका टोकाला अणुवीज, दुसऱ्या टोकाला मुंबईचे पाणी. एक गोष्ट किंचित बदलली तर दुसरी किती बदलेल, हा गणितातला जुना प्रश्न या दोन्ही टोकांना लागू पडतो.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी करार झाला तो १९६४ साली. त्याच वर्षी, त्याच कंपनीतल्या आर. ई. वेंगर्ट यांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. योगायोग मात्र लक्षणीय आहे. संगणकाची आज्ञावली कितीही गुंतागुंतीची असली, तरी अखेर ती बेरीज-गुणाकारासारख्या साध्या पायऱ्यांची साखळी असते. प्रत्येक पायरीसोबत तिच्या बदलाचा दरही मोजत गेल्यास उत्तराबरोबर त्याचा विकलजही हाती येतो. हेच स्वयंचलित विकलन. १९७० मध्ये फिनलंडच्या सेप्पो लिन्नाइनमा यांनी ही साखळी शेवटाकडून आरंभाकडे वाचण्याची रीत मांडली. पुढे १९८०च्या दशकात अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत अणुक्षेत्रातल्या फोरट्रान आज्ञावलींना हे तंत्र लावले गेले.

अणुभट्टीत अशा दराचे नुसते चिन्हही निर्णायक ठरते. तारापूरच्या या भट्ट्यांत पाण्यातले वाफेचे बुडबुडे वाढले की साखळी-प्रक्रिया मंदावते. म्हणजे दर ऋण. चेर्नोबिलच्या भट्टीत तो धन होता. २६ एप्रिल १९८६च्या स्फोटामागच्या प्रमुख कारणांत त्याची गणना होते.

साहित्याच्या अभ्यासकाने याच ठिकाणी थोडे थांबावे. हे विकलन निसर्गाचे नसते, संहितेचे असते. जे आज्ञावलीत लिहिलेलेच नाही, त्याविषयी ते काहीच बोलत नाही. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. धरणाची पातळी आणि महानगराची मागणी एवढीच चले घेतलेल्या प्रतिमानाचा विकलज अगदी अचूक काढता येईल. पाड्यावरच्या हंड्याचा मात्र त्यात उल्लेखही नसेल.

म्हणून अशा संहितांची चिकित्सा केवळ गणितज्ञांवर सोपवता येत नाही. कोणती चले घेतली आणि कोणती वगळली, हे विचारणे वाचकाचेही काम आहे.