रवांडा १९९४ : शोषितांची भाषा कत्तलीपर्यंत कशी पोचली?

दरवर्षी ७ एप्रिलला रवांडातील वंशसंहाराचा स्मृतिदिन जगभर पाळला जातो. आपल्या वस्त्यांमध्ये तेव्हा भीमजयंतीची तयारी चालू असते, त्यामुळे ही तारीख आपल्या लक्षातही येत नाही. १९९४ सालीही तसेच झाले. १४ एप्रिलला आपल्याकडे निळे झेंडे घेऊन मिरवणुका निघाल्या. १५ एप्रिलला रवांडातील न्तारामा गावच्या चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या हजारो तुत्सी बायाबापड्यांना आणि लेकरांना कापून काढण्यात आले. अवघ्या १०० दिवसांत, संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने, ८ लाखांहून अधिक माणसे मारली गेली. बहुतेक तुत्सी होते, आणि या कत्तलीला विरोध करणारे हुतूही त्यात होते.

अभ्यासवर्गात हा विषय घेतला की एक प्रश्न हमखास येतो : "ताई, आफ्रिकेतल्या टोळ्यांच्या भांडणाशी आपला काय संबंध?"

या प्रश्नातच पहिली चूक आहे. 'टोळ्यांचे भांडण' हे शब्द तेव्हा मोठमोठ्या राजधान्यांतही वापरले जात होते, कारण भांडण म्हटले की कुणालाच काही करावे लागत नाही. आपल्याकडे वस्तीवर हल्ला झाला की दुसऱ्या दिवशी 'दोन गटांत हाणामारी' अशी बातमी येते. ती भाषा आपल्या चांगल्या ओळखीची आहे.

हुतू आणि तुत्सी या दोन टोळ्या नव्हत्या. भाषा एक, धर्म एक, टेकड्याही त्याच. तुत्सी म्हणजे प्रामुख्याने गाईगुरे बाळगणारे आणि राजघराण्याच्या जवळचे, हुतू म्हणजे शेती करणारे. संपत्ती वाढली तर हुतू कुटुंब काळाच्या ओघात तुत्सी म्हणून ओळखले जाई. विषमता होतीच, पण तिच्यात थोडी फट होती. ती फट बुजवली युरोपियन सत्तेने. तुत्सी हे उत्तरेकडून आलेल्या श्रेष्ठ वंशाचे आणि हुतू हे मूळचे हलके, असा सिद्धांत गोऱ्या प्रवाशांनी आणि मिशनऱ्यांनी रचला. पुढे बेल्जियमच्या राजवटीने १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी किंवा त्वा असा शिक्का मारला. चांगल्या शाळा आणि गावची सत्ता तुत्सींना मिळाली. हुतूंच्या वाट्याला सरदारांची वेठबिगार आली.

वंशश्रेष्ठत्वाचा असाच एक सिद्धांत भारतावरही लादला गेला होता. बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात आर्य वंशाच्या त्या सिद्धांताची चिकित्सा करून तो नाकारला. त्याचे महत्त्व रवांडाचा इतिहास वाचताना कळते. तिथल्या हुतू नेत्यांनी गोऱ्यांचा सिद्धांत नाकारला नाही. त्यांनी तो फक्त उलटा केला. 'तुत्सी बाहेरून आलेले श्रेष्ठ' या वाक्यातला 'श्रेष्ठ' त्यांनी गाळला आणि 'बाहेरून आलेले' तेवढे ठेवले.

इथे आपल्याला अवघड वाटणारी गोष्ट सुरू होते. आपण अशा इतिहासाकडे नेहमी पीडितांच्या बाजूने पाहतो. ते योग्यच आहे, पण रवांडात मारणाऱ्यांनीही स्वतःला शोषित म्हटले होते, आणि ते सगळेच खोटे नव्हते. मार्च १९५७ मध्ये नऊ हुतू शिक्षितांनी जाहीरनामा काढला. शिक्षण, नोकऱ्या आणि सत्तेवरच्या तुत्सी मक्तेदारीविरुद्धच्या त्यातल्या तक्रारी खऱ्या होत्या. त्यातला एखादा परिच्छेद कुणी आपल्याला वाचून दाखवला तर आपण टाळी वाजवू. मात्र त्याच जाहीरनाम्यात ओळखपत्रावरचा वंशाचा शिक्का काढायलाही विरोध होता. सही करणाऱ्यांपैकी ग्रेगुआर कायिबांदा पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

१९५९ पासून तुत्सींवर हल्ले सुरू झाले. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला. १९६३ च्या डिसेंबरात पुन्हा हजारो तुत्सी मारले गेले आणि लाखांनी युगांडा, बुरुंडीकडे पळाले. कुणालाही खरी शिक्षा झाली नाही. ही पहिली तालीम होती. मारले तरी काही होत नाही, हा धडा त्या समाजाला ३० वर्षे आधीच मिळाला होता.

तिथे बहुसंख्य जनतेसाठी 'रुबांदा न्याम्विन्शी' असा शब्दप्रयोग होता. लोकशाही म्हणजे बहुसंख्यांचे राज्य, बहुसंख्य हुतू, म्हणून हुतूंची सत्ता म्हणजेच लोकशाही, असा तो हिशेब. ऐकायला सरळ वाटतो. बाबासाहेबांनी १९४५ साली मुंबईच्या भाषणात नेमक्या याच हिशेबातली खोट दाखवली होती. राजकीय बहुमत विचारांवर बनते, मोडते आणि पुन्हा बनते. जमातीचे बहुमत जन्मानेच ठरलेले असते, त्याची दारे बंद असतात. अशा बहुमताला लोकशाही म्हटले की अल्पसंख्य कायमचे हरलेले असतात. हुतू-तुत्सी प्रश्न कसा सुटला असता, याचे तत्त्व या फरकात आहे.

शाळा-नोकऱ्यांत तुत्सींची संख्या मर्यादित ठेवणारा कोटाही तिथे होता. काही जण लगेच म्हणतील, "बघा, आरक्षणाचा शेवट असाच होतो." साफ चूक. आपले आरक्षण बाहेर ठेवलेल्यांना आत घेते. तिथला कोटा आत असलेल्यांना बाहेर ढकलत होता. तसेच ओळखपत्रावरचा रकाना आणि जनगणनेतला जातीचा रकाना एकाच मापाने मोजता येत नाही. विषमता मोजल्याशिवाय ती दूर होत नाही. प्रश्न असा की रकाना कुणाच्या हातात आहे, कशासाठी आहे, आणि त्याचा गैरवापर रोखणारा कायदा जिवंत आहे का. १९९४ मध्ये रस्त्यारस्त्यावरच्या नाक्यांवर ओळखपत्र पाहून माणसाला जगवायचे की मारायचे हे ठरत होते.

१ ऑक्टोबर १९९० रोजी तुत्सी निर्वासितांच्या रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंटने युगांडातून हल्ला केला आणि युद्ध सुरू झाले. कॉफीचे भाव आधीच कोसळले होते, लोक वैतागले होते. राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांच्याभोवतीच्या टोळक्याला शत्रू हवाच होता. त्या डिसेंबरात 'कांगुरा' या नियतकालिकाने 'हुतूंच्या दहा आज्ञा' छापल्या. तुत्सी बाईशी लग्न करणारा, तुत्सीशी व्यवहार करणारा हुतू गद्दार ठरवला गेला. जुलै १९९३ मध्ये 'आरटीएलएम' रेडिओ सुरू झाला. नाचगाणी, विनोद, आणि मध्येच 'इन्येंझी', म्हणजे झुरळे. माणसाला झुरळ म्हटले की मारणे हे साफसफाईचे काम होऊन बसते. इंतराहाम्वे ही सत्ताधारी पक्षाच्या तरुणांची संघटना. तिला शस्त्रे आणि प्रशिक्षण मिळत होते.

हे सगळे गुपचूप चालले नव्हते. मानवाधिकार संघटनांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने मार्च १९९३ मध्ये अहवाल दिला. ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच विशेष प्रतिवेदकाने वंशसंहाराचा धोका दाखवला. ११ जानेवारी १९९४ रोजी शांतिसेनेचे प्रमुख, कॅनडाचे जनरल रोमेओ डॅलेर यांनी न्यूयॉर्कला तार पाठवली : किगालीतील तुत्सींच्या याद्या बनत आहेत, शस्त्रे लपवली आहेत, २० मिनिटांत १००० माणसे मारता येतील अशी तयारी आहे, असे आतल्या माणसाने सांगितले. डॅलेर यांना शस्त्रे जप्त करायची होती. मुख्यालयाने कळवले, ते तुमच्या अधिकारात नाही.

६ एप्रिलच्या रात्री हब्यारिमाना यांचे विमान पाडले गेले. काही तासांत नाके उभे राहिले, याद्या बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना मारल्या गेल्या. त्या हुतू होत्या. बेल्जियमचे दहा सैनिक मारले गेले आणि बेल्जियमने सैन्य मागे घेतले. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने सुमारे २५०० ची शांतिसेना २७० वर आणण्याचा ठराव केला. रवांडाच्या सरकारचा प्रतिनिधी तेव्हा त्याच परिषदेत सदस्य म्हणून बसला होता. अमेरिकेचे अधिकारी 'वंशसंहार' हा शब्द थेट उच्चारणे टाळत होते, कारण १९४८ च्या करारात गुन्ह्याला शिक्षा करण्याबरोबर तो रोखण्याचेही बंधन आहे.

मग कुणीच काही करू शकत नव्हते का? दोन माणसे पाहा.

बुतारे प्रांताचे प्रमुख ज्यां-बाप्तिस्त हब्यालिमाना हे त्या पदावरचे देशातले एकमेव तुत्सी. त्यांनी गावोगावी बैठका घेतल्या आणि प्रशासन हलते ठेवले. देश पेटलेला असताना त्यांच्या प्रांतात सुमारे दहा-बारा दिवस मोठी कत्तल होऊ दिली नाही. शेवटी सरकारला त्यांना काढून टाकावे लागले. १९ एप्रिलला हंगामी राष्ट्राध्यक्षांनी बुतारेत भाषण करून लोकांना 'कामाला' लावले, आणि कत्तल सुरू झाली. हब्यालिमानाही मारले गेले.

दुसरे ताबा गावचे प्रमुख ज्यां-पॉल अकायेसू. १८ एप्रिलपर्यंत त्यांनीही हिंसा रोखायचा प्रयत्न केला. मग वरिष्ठांची बैठक झाली, वारे कुठे वाहते ते त्यांनी पाहिले आणि ते मारणाऱ्यांत सामील झाले. २ सप्टेंबर १९९८ रोजी ते आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहारासाठी दोषी ठरवलेले पहिले माणूस ठरले. बलात्कार हेही वंशसंहाराचे साधन असू शकते, हे त्याच निकालात प्रथम मान्य झाले.

एकाच देशातले, एकाच महिन्यातले हे दोन अधिकारी. 'शेकडो वर्षांचा द्वेष उफाळला' असे म्हणणाऱ्यांना बुतारेचे ते दिवस समजावून सांगता येत नाहीत. द्वेष असतोच, पण त्याला कत्तल व्हायला आदेश, याद्या, प्रचार आणि शिक्षा होणार नाही याची खात्री लागते. यातले एक जरी तोडले तरी माणसे वाचतात.

आता आपला संबंध. प्रत्येक अत्याचाराला 'वंशसंहार' म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शब्द स्वस्त झाला की खरी वेळ येईल तेव्हा तो चालत नाही. १९४८ च्या करारातल्या व्याख्येत जात हा शब्दही नाही. भारताने तो करार १९५९ मध्ये मान्य केला, पण त्यासाठी स्वतंत्र कायदा आजवर केलेला नाही. ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

आणि जे हातात आहे ते वापरले पाहिजे. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याच्या नावातच 'प्रतिबंध' हा शब्द आहे. १९९५ च्या नियमांप्रमाणे अत्याचाराची शक्यता असलेली क्षेत्रे आधीच ओळखायची असतात, आणि जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. मी एका जिल्ह्यात या बैठकांचे इतिवृत्त मागितले, तेव्हा चहा मिळाला, कागद मिळाला नाही. घटना घडल्यावर मोर्चा काढायला आपण हजारोंनी जातो. बैठक झाली का हे विचारायला चार जण जात नाहीत. बुतारेत माणसे वाचली ती अशाच कंटाळवाण्या बैठकांमुळे.

शेवटी स्वतःकडे. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची माणसे नव्हेत. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारण्याची वृत्ती म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती कुठल्याही समाजात असू शकते. आपल्या ग्रुपवर कुणाही समाजाला किडे, साप, विदेशी ठरवणारी पोस्ट येते तेव्हा आपण काय करतो? 'आपण शोषित आहोत, आपल्याला राग येणारच' म्हणून पुढे पाठवतो? राग येणारच. १९५७ चा हुतूंचा रागही खरा होता. त्यांच्याकडे समतेची मागणी होती, पण बंधुता नव्हती. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धाच्या मार्गावर आणले ते ही उणीव आपल्यात राहू नये म्हणून.

येत्या जयंतीला एक व्याख्यान रवांडावर ठेवा, आणि त्याच आठवड्यात समितीच्या बैठकीसाठी अर्ज टाका.

जय भीम!