मोटर, बिबट्या आणि एन्रॉन

2005-06 च्या हिवाळ्यात आमच्या राजुरीत कांद्याला पाणी द्यायचं म्हणजे रात्रीचंच काम होतं. भारनियमनात शेतीची लाईट बरेचदा मध्यरात्रीनंतर यायची. आजूबाजूला ऊस, आणि जुन्नर तालुक्यातल्या उसात काय असतं ते सांगायला नको. आमचे एक चुलते मोटर चालू करायला जाताना स्वतःशीच मोठमोठ्यानं बोलत जायचे. बिबट्याला कळावं, माणूस येतोय म्हणून!

त्याच हिवाळ्यात तिकडे गुहागर तालुक्यात समुद्रकाठी दोन हजारांहून जास्त मेगावॉटसाठी बांधायला घेतलेलं एक वीजकेंद्र बंद पडून होतं. दाभोळ. आपण सगळे त्याला एन्रॉनच म्हणायचो. हे गणित मला तेव्हा सुटलं नव्हतं, म्हणून नंतर जमेल तसं वाचत गेलो.

1992 च्या जूनमध्ये कंपनीचे लोक मुंबईत आले आणि चार दिवसांच्या आत, 20 जूनला, सामंजस्य करार झालासुद्धा. निविदा नाहीत, दुसऱ्या कोणाचा भाव नाही. आमच्या ग्रामपंचायतीत हातपंप दुरुस्त करायचा तरी तीन कोटेशनं मागतात हो! 1993 मध्ये जागतिक बँकेनं सांगून टाकलं की केंद्र गरजेपेक्षा मोठं आहे, बाहेरून आणलेला वायू महाग पडेल, आम्ही कर्ज देणार नाही. तरी 8 डिसेंबर 1993 ला वीज मंडळानं 20 वर्षांच्या खरेदीचा करार केला. वीज घ्या नाहीतर घेऊ नका, केंद्राचा स्थिर आकार भरायचाच, आणि दर बराचसा डॉलरला बांधलेला. डॉलर तेव्हा 31 रुपयांच्या आसपास होता, 2001 मध्ये 47 च्या. वर 1994 मध्ये केंद्र सरकारची प्रतिहमी. हा करार लोकांपासून झाकून ठेवलेला होता. पुण्याच्या 'प्रयास' गटानं त्यातली आकडेमोड उलगडून मांडली, म्हणून तुमच्या-आमच्यासारख्यांना काही कळलं तरी.

1995 च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली. युतीचं सरकार आलं, 3 ऑगस्टला प्रकल्प रद्दही झाला. मग कंपनीच्या रेबेका मार्क येऊन बाळासाहेब ठाकऱ्यांना भेटल्या, फेरवाटाघाटी झाल्या, आणि 1996 मध्ये प्रकल्प परत उभा! दर थोडा उतरला, पण आधी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पा आता गळ्यात पडला. वाजपेयींच्या 13 दिवसांच्या सरकारनं जाता जाता त्याच्या प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केलं. सगळ्या पक्षांनी हात लावलेला असा प्रकल्प विरळाच.

लाचेचे आरोप खूप झाले, न्यायालयात सिद्ध झाले नाहीत. मला त्यापेक्षा उघड्यावर घडलेल्या गोष्टी जास्त बोलक्या वाटतात. कंपनीच्या लिंडा पॉवर्स यांनी 1995 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की भारतीयांच्या 'शिक्षणावर' आम्ही सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. फ्रँक विस्नर 1994 ते 97 अमेरिकेचे इथले राजदूत होते. त्याच 97 च्या ऑक्टोबरात ते एन्रॉनच्याच तेल-वायू कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. आणि उलटीही वाट होतीच, एन्रॉनमधले थॉमस व्हाइट 2001 मध्ये अमेरिकेचे लष्कर सचिव झाले. त्या जूनमध्ये उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी सोनिया गांधींना भेटले तेव्हा त्यांनी दाभोळच्या थकबाकीचा विषय काढला. म्हणजे आपल्या मंडळाची उधारी थेट व्हाइट हाउसात! पाकिटाची गरजच काय, माणसं नुसती खुर्च्या बदलत होती.

स्थानिक लोकांचं काय झालं? अंजनवेल, वेलदूर, रानवीच्या लोकांनी विरोध केला तेव्हा तिथे राज्य राखीव पोलीस बसवले, आणि त्यांचा खर्च कंपनी देत होती. ह्युमन राइट्स वॉचच्या 1999 च्या अहवालात हे सगळं आहे. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाहेर जाऊन बसलो होतो. आपलेच पोलीस, आणि खर्च कंपनीचा.

पुढचं माहीतच आहे. 1999 ला वीज सुरू झाली, 2000 मध्ये काही महिने युनिट साडेसात रुपयांच्या वर गेलं, मंडळाला पैसे देणं जमेना, मे 2001 मध्ये केंद्र बंद, डिसेंबरात खुद्द एन्रॉन दिवाळखोर. माधव गोडबोले समितीनं एप्रिल 2001 मध्येच राज्यकर्त्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले होते. न्यायालयीन चौकशीसाठी कुर्डुकर आयोग नेमला गेला, पण ती चौकशी अडकली ती अडकलीच. केंद्र 2005 मध्ये 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर'कडे गेलं, म्हणजे एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्या आल्या. तोटा शेवटी फिरून आपल्याच घरी.

एप्रिल 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चौकशीच्या मागणीचं उरलेलं प्रकरणही बंद केलं, आता इतक्या वर्षांनी काय साधणार म्हणून. मी चुलत्यांना ही बातमी वाचून दाखवली. ते म्हणाले, "बरं. आज लाईट किती वाजता हाय?"