शनिवारवाड्याची घरभरणी (१७३०-१७३२)

पुण्याच्या शनिवारवाड्याविषयी जे लेखन झाले आहे त्यात राजधानीचा इतिहास पुष्कळ आहे, घराचा इतिहास फारसा नाही. नऊ बुरुज, पाच दरवाजे, गणेश रंगमहाल, नारायणरावाचा वध, सवाई माधवरावाचा करुण अंत आणि १८२८ ची आग ह्या क्रमानेच त्या वास्तूची कथा सांगितली जाते. हा क्रम उलट्या दिशेने काम करतो. १७५५ नंतरचे वैभव आणि १७७३ नंतरची शोककळा ह्यांच्या प्रकाशात १७३२ चे घर पाहिले जाते आणि मग ते मूळ घर दिसेनासेच होते. बाजीरावाने १७३० साली राजधानी स्थापन केली असे एक वाक्य लिहून अभ्यासक पुढे जातात. वस्तुतः त्या साली पाया घातला गेला तो एका कुटुंबाच्या राहत्या घराचा. त्या कुटुंबाला देशावर येऊन अजून एक पिढीही पुरती झाली नव्हती, आणि ज्या गावी हे घर उभे राहावयाचे होते त्या गावात दोन वर्षांपूर्वीच शत्रू येऊन गेला होता.

प्रथम तारखांचा विचार केला पाहिजे. वाड्याचा पाया शके १६५१ च्या माघ शुद्ध तृतीयेस, म्हणजे १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला. वास्तुशांती शके १६५३ च्या माघ शुद्ध सप्तमीस, रथसप्तमीच्या दिवशी, २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. दोन्ही दिवशी शनिवार होता. आजच्या पंचांगी गणनेने मागे मोजत जाणाऱ्यास मात्र दोन्ही तारखांना मंगळवार येतो आणि वाराची ही हकीकत बनावट असावी असा संशय उत्पन्न होतो. तो निराधार आहे. इतिहासकारांनी ह्या काळाच्या इंग्रजी तारखा जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीने दिल्या आहेत. त्या नव्या पद्धतीने २१ जानेवारी १७३० व २ फेब्रुवारी १७३२ अशा येतात आणि वार व तिथी दोन्ही जुळतात. मुहूर्तग्रंथांत गृहप्रवेशास रविवार व मंगळवार वर्ज्य मानले आहेत, शनिवार तसा मानलेला नाही. तेव्हा ज्या वारी नव्या कामास हात घालू नये असा लोकसमज आहे तोच वार दोन्ही वेळा का निवडला गेला, ह्याचे फारसे आश्चर्य वाटावयास नको. माघ महिना उत्तरायणातला, गृहप्रवेशास प्रशस्त, त्यातही रथसप्तमी. कुटुंबाच्या उपाध्यायाने काढावा तसाच हा मुहूर्त आहे, राज्याभिषेकाचा नव्हे.

ह्या कुटुंबाचा पूर्वेतिहास स्थलांतराचाच आहे. भट घराणे मूळ श्रीवर्धनचे, तेथील देशमुखीचे वतनदार. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचाने बाळाजी विश्वनाथास कोकण सोडावे लागले. देशावर त्याने चाकरी केली, शाहूचा पक्ष धरला आणि १७१३ साली पेशवाई मिळवली. पण त्याचे वास्तव्य सासवडास राहिले. सासवड हे पुरंदऱ्यांचे वतनी गाव. अंबाजीपंत पुरंदरे आणि बाळाजी विश्वनाथ ह्यांचा स्नेह सुप्रसिद्ध आहे, आणि तो स्नेह हाच त्या कुटुंबाचा देशावरील पहिला आधार होता. बाळाजी विश्वनाथ एप्रिल १७२० मध्ये सासवड येथेच वारला. मागे विधवा राधाबाई, एकोणीस वर्षांचा बाजीराव, त्याहून धाकटा चिमाजी अप्पा आणि भिऊबाई व अनुबाई ह्या मुली. त्याच महिन्यात बाजीरावास पेशवाईची वस्त्रे मिळाली. पद मिळाले, सरंजाम मिळाला, पण देशावर स्वतःची अशी वास्तू उभी राहिली नव्हती. वतनावरून उठलेल्या घराण्याच्या दृष्टीने ही उणीव लहान नव्हे. मराठी समाजात ‘घर’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत, वास्तू आणि घराणे. पहिल्यावाचून दुसरा अधांतरी राहतो.

पुणेच का निवडले, ह्याचे उत्तर सामान्यतः मुठेकाठी कुत्र्यांवर उलटलेल्या सशाच्या आख्यायिकेने दिले जाते. तीच कथा विजयनगराच्या व अहमदाबादच्या स्थापनेविषयीही सांगतात. तेव्हा ती पुण्याविषयी काही सांगत नाही, आख्यायिकांच्या प्रवासाविषयी मात्र बरेच सांगते. खरी कारणे साधी आहेत. सासवड कऱ्हेच्या खोऱ्यात, डोंगरांनी वेढलेले. संरक्षणास चांगले, पण उत्तरेकडे वर्षानुवर्षे फौजा धाडणाऱ्या माणसास अडचणीचे. पुणे मोकळ्या पठारावर, नदीच्या काठी, घाटवाटा आणि देशावरचे रस्ते ह्यांच्या सांध्यावर. शिवाय पुण्याशी छत्रपतींच्या घराण्याचे नाते होते. शहाजीच्या जहागिरीचे हे गाव, आणि जिजाबाई व बालशिवाजी ज्या लाल महालात राहिले तो नव्या वाड्याच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर होता. ग्रामदैवत कसबा गणपतीही जवळच. जुन्या वस्तीच्या कडेला, पण जुन्या दैवताच्या सावलीत, अशी ही जागा आहे.

तथापि १७३० मध्ये पुणे हे निर्धास्त गाव नव्हते. १७२८ च्या आरंभी निजामाने पुणे प्रांतात शिरून खुद्द पुण्यात कोल्हापूरच्या संभाजीस छत्रपती म्हणून पुढे केले होते. बाजीरावाने त्यास पालखेड येथे कोंडले, आणि मार्च १७२८ मध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. म्हणजे ज्या गावी आई, बायको, भावजय आणि मुले आणावयाची ते गाव शत्रूच्या छावणीतून सुटून दोन वर्षेही झाली नव्हती. पालखेडच्या विजयाचे मोजमाप मोहिमांच्या नकाशांवर होत आले आहे. माणसाने आपले बिऱ्हाड कोठे नेले, हेही त्या विजयाचे एक माप आहे. सुरक्षिततेवर विश्वास नसता तर कुटुंब पुरंदरच्या पायथ्याशी सासवडासच राहिले असते. आणि काही काळ ते तसे राहिलेही. पुण्यात बाजीरावाचा मुक्काम प्रथम कसब्यातील धडफळ्यांच्या वाड्यात होता अशी परंपरा आहे. परंतु वाड्याचे काम चालू असताना चिमाजी अप्पाचा पुत्र सदाशिवराव ऑगस्ट १७३० मध्ये जन्मला तो सासवड येथे. पाया पुण्यात, बाळंतपण सासवडास. कुटुंब दोन ठिकाणी विभागलेले होते, आणि ज्यास आज आपण एका वर्षाचे स्थलांतर म्हणतो ते असे हळूहळू, पाऊल मागेपुढे ठेवीत झाले.

पायाभरणी आणि वास्तुशांती ह्यांच्यामधली दोन वर्षे राजकीय इतिहासात अत्यंत गजबजलेली आहेत. मार्च १७३० मध्ये चिमाजी अप्पाने सरबुलंदखानाकडून गुजरातच्या चौथाईचा करार करून घेतला. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ खुद्द सेनापती त्रिंबकराव दाभाडे बाजीरावाशी लढताना पडला, आणि मराठी राज्यातील हे यादवी युद्ध सावरण्यास शाहूस स्वतः मध्यस्थी करावी लागली. ह्याच दोन वर्षांत घरातही काही घडले, आणि ते राजकीय इतिहासाच्या तळटीपांत विखुरलेले आहे. पाया घातला त्याच जानेवारीत नऊ वर्षांच्या नानासाहेबाचे लग्न वाईच्या भिकाजी नाईक रास्त्यांच्या मुलीशी झाले. ही गोपिकाबाई त्या वेळी पाच-सहा वर्षांची होती. घराचा पाया आणि घरात येणारी सून ह्यांचा हा योग आकस्मिक मानण्याचे कारण नाही. वडील माणसे अशा गोष्टी एकत्रच योजतात. चासकर, बारामतीचे जोशी, वाईचे रास्ते ही पेशव्यांची सोयरी घराणी सावकारी व सरंजाम ह्यांमध्ये नांदणारी होती. मोहिमांचे कर्ज आणि लग्नाचे संबंध ह्या दोहोंची वाट एकाच ओसरीवरून जात होती. अशा सोयऱ्यांस उतरण्याजोगी ओसरी असणे, ही मानाची बाब तर होतीच, पण कारभाराचीही होती.

मग ऑगस्ट. सदाशिवरावाच्या जन्मानंतर महिना भरण्याच्या आतच, त्याच महिन्याच्या अखेरीस, त्याची आई रखमाबाई वारली. वाडा अजून चढत होता. ज्या दोन सुनांचा संसार त्या घरात मांडावयाचा, त्यांतली एक गेली. मूल आजीच्या, राधाबाईच्या हाती वाढले. १७३१ च्या अखेरीस चिमाजी अप्पाचे दुसरे लग्न होऊन अन्नपूर्णाबाई घरात आली आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत वास्तुशांती झाली. वास्तुशांतीच्या आधी हे लग्न उरकून घेण्यामागे मुहूर्ताचा हिशेब असेल, तान्ह्या मुलाचा असेल, किंवा केवळ मोहिमांतून मिळालेल्या सवडीचा असेल. परंतु एवढे खरे की नव्या वास्तूत प्रवेश करणारे कुटुंब हे पायाभरणीच्या दिवशीचे कुटुंब राहिले नव्हते.

वास्तुशांती हा विधी शास्त्रदृष्ट्या पाहिला तर भीतीचे शमन आहे. भूमी खणली, झाडे तोडली, जीवजंतू मेले, त्याचा दोष निवारण करावयाचा. वास्तुमंडलावर ब्रह्मादी देवतांचे आवाहन करावयाचे, आणि भूमीत पालथ्या पडलेल्या वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरावयाची. बायकांचा भाग ह्याहून जुना आणि ह्याहून साधा आहे: उंबरठ्याची पूजा, भरला कलश, धान्य, दिवा, चुलीवर उतू जाऊ दिलेले दूध. पोथीत पहिला भाग सविस्तर आहे, दुसरा बहुधा नाही. १७३२ च्या त्या दिवशीही तो राधाबाईच्या देखरेखीने झाला असे मानण्यास हरकत नसावी, कारण घरात त्या वेळी तिच्याहून वडील कोणी नव्हते. मात्र विधवेस मंगल विधीत अग्रस्थान नसल्याने उंबरठा ओलांडून कलश नेण्याचा मान काशीबाईकडे जाणार, हे त्या काळच्या आचाराप्रमाणे ठरलेलेच होते. ज्या स्त्रीने हे घराणे सासवडास सावरून धरले तिने त्या क्षणी मागे उभे राहावयाचे, ही त्या आचाराची कठोर बाजू अभ्यासकाने नजरेआड करू नये.

आता ह्या घराचे स्वरूप. मूळ बांधणीचा खर्च १६,११० रुपये झाला असा आकडा सामान्यतः दिला जातो. लाकूड जुन्नरच्या रानातले, दगड चिंचवडच्या खाणींतला, चुना जेजुरीकडचा असे सांगतात. ह्या रकमेत पुढच्या काळातील बुरुजबंद, कारंज्यांनी शोभणारा राजवाडा बसणे शक्य नाही, आणि तसा तो १७३२ मध्ये नव्हताही. दगडी जोते, सागवानी खांब, चौकाभोवती सोपे, दर्शनी भागी कचेरी व दिवाणखाना, मागे माजघर, देवघर, कोठी आणि स्वयंपाकघर, अशा देशावरील वाड्याच्या सर्वमान्य मांडणीचेच ते मोठे रूप असले पाहिजे. तटबंदी पुरी झाली ती नानासाहेबाच्या कारकिर्दीत. उत्तरेकडे तोंड करून तट बांधण्यास शाहूने हरकत घेतली, दिल्लीवर चालून जाणे हा छत्रपतींचा मान आहे असे त्याने कळविले, अशी एक परंपरा आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यात एक भेद नेमका पकडलेला आहे: सेवकाने घर बांधावे, किल्ला बांधू नये. शाहूच्या हयातीत पेशव्यांनी बांधले ते घर. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू वारल्यावर त्याच घराचा दरबार झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्खननाने जी जोती उघडी पडली त्यांत ह्या सर्व काळांचे थर एकमेकांत मिसळलेले आहेत. तेथे फिरणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक जोत्याला बाजीरावाचे नाव देण्याची घाई करू नये.

चौकांच्या ह्या मांडणीत एक अडचण बांधणाऱ्यांनी हिशेबात धरलेली नव्हती. १७२९ च्या बुंदेलखंड मोहिमेनंतर मस्तानी बाजीरावाच्या जीवनात आली होती. माजघर, देवघर, सोवळ्याचे स्वयंपाकघर ह्या क्रमाने रचलेल्या घरात तिला जागा कोणती? पुढे वाड्याच्या एका दरवाजास तिचे नाव मिळाले, तिच्यासाठी निराळा महालही झाला. परंतु निराळा महाल हेच त्या प्रश्नाचे उत्तर न सापडल्याचे चिन्ह आहे. घराची रचना माणसांना सामावून घेते तशीच बाहेरही ठेवते. १७४० च्या आरंभी ह्याच कुटुंबाने तिला अटकेत ठेवले, आणि रघुनाथरावाची मुंज व सदाशिवरावाचे लग्न ही कार्ये पुण्यात झाली तेव्हा घराचा कर्ता पुरुष नासिरजंगाविरुद्ध मोहिमेवर होता.

बाजीराव ह्या घरात सलग असा फार थोडा राहिला. त्याच्या आयुष्याची वीस वर्षे छावणीत गेली, आणि घर त्याला लाभले ते बहुधा पावसाळ्यापुरते. घर चालविले ते राधाबाईने, आणि मोहिमांतून सवड मिळेल तेव्हा चिमाजी अप्पाने. १७३५ मध्ये राधाबाई काशीयात्रेस निघाली तेव्हा वाटेतल्या राजपूत राजांनी तिचा सत्कार केला व मोगली मुलखातूनही ती निर्विघ्नपणे गेली. श्रीवर्धनहून परागंदा झालेल्या घराण्याची ही सून आता ज्या घरून यात्रेस निघत होती त्याचे नाव उत्तरेत सर्वांस ठाऊक झाले होते. २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडी येथे वारला. त्याच वर्षीच्या १७ डिसेंबरला चिमाजी अप्पा पुण्यात वारला आणि अन्नपूर्णाबाई सती गेली. वास्तुशांतीस नऊ वर्षेही पुरती झाली नव्हती. दहा वर्षांचा सदाशिवराव दुसऱ्यांदा आईवेगळा झाला आणि पुन्हा आजीकडेच राहिला. राधाबाई १७५३ पर्यंत त्याच वाड्यात होती.