पित्ताचे खडे आणि पोटावरची जखम

पोटात खडा झाला म्हटलं, की आपल्याकडे पुष्कळांना मुतखडाच आठवतो. भरपूर पाणी प्या, कुळथाचं कढण घ्या, पडून जाईल, असा सल्लाही लगेच मिळतो. पित्ताचा खडा मात्र निराळा. यकृतात तयार झालेलं पित्त ज्या लहानशा पिशवीत साठून दाट होतं, त्या पित्ताशयात तो धरतो. कितीही पाणी प्यालं तरी तो विरघळत नाही. हे खडे पुरुषांपेक्षा बायकांत अधिक आढळतात.

यावरच्या शस्त्रक्रियेचा इतिहास फार जुना नाही. पुण्याचं ससून रुग्णालय 1867 साली सुरू झालं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरी डॉक्टर बॉब्ज यांनी एका बाईचं पोट गाठ समजून उघडलं, तर आत खड्यांनी भरलेलं पित्ताशय निघालं! त्यांनी खडे काढले, पिशवी शिवून टाकली, आणि बाई जगली.

पण खडे काढून पिशवी तशीच ठेवली, तर तिच्यात पुन्हा खडे होणार. बर्लिनच्या लाझारस रुग्णालयातले कार्ल लांगेनबुख यांनी म्हणून पिशवीच काढून टाकायचं ठरवलं. तिच्यावाचून माणूस जगेल का, ही शंका होतीच. पण हत्तीला आणि घोड्याला पित्ताशय मुळातच नसतं. तेव्हा त्याच्यावाचून पचन चालत असलं पाहिजे. मृतदेहांवर सराव करून त्यांनी 15 जुलै 1882 रोजी एका 43 वर्षांच्या रोग्याचं पित्ताशय काढलं. तो सोळा वर्षं कळांनी हैराण झाला होता. दुसऱ्या दिवशी त्याची कळ थांबली होती, तरी घरी जायला त्याला सुमारे सहा आठवडे लागले.

पित्तनलिकेतला खडा याहून अवघड. तो पित्ताची वाटच अडवतो. 1890 च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे कूर्वाझिए यांनी नलिका उघडून असा खडा काढला. पुढं हान्स केर या जर्मन शल्यवैद्यानं नलिकेत ठेवायची इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची नळी प्रचारात आणली. 1931 मध्ये अर्जेंटिनाच्या मिरिझ्झी यांनी शस्त्रक्रिया चालू असतानाच नलिकेचं क्ष-किरण चित्र घेण्याची रीत काढली. त्यामुळं मागं राहिलेला खडा दिसू लागला. 1974 मध्ये जर्मनीत आणि जपानमध्ये तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेचं तोंड रुंद करण्यात आलं. तेव्हापासून असे पुष्कळ खडे पोट न फाडता काढता येऊ लागले.

पित्ताशयासाठी मात्र उजव्या बरगडीखाली वीतभर छेद घ्यावाच लागे. मुळशी तालुक्यातल्या चांद्यासारख्या गावी भात लावणाऱ्या बाईचा विचार करा. दुखणं जाई, पण जखम भरेपर्यंत वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. शस्त्रक्रिया आषाढात आली, तर लावणी हातची गेली! मग मजुरीवर जगणारं माणूस कळा सोसत राही. मोठ्या छेदाची खरी किंमत त्याच्याच घराला पडे.

12 सप्टेंबर 1985 रोजी जर्मनीत बोब्लिंगेन इथं एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीच्या साहाय्यानं, लहान छिद्रातून पित्ताशय काढलं. त्यांच्या देशातल्या शल्यवैद्यांनी आधी नाकं मुरडली. त्याच मंडळींच्या संस्थेनं 1992 मध्ये त्यांचा गौरव केला.

आपल्याकडे हे काम मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात झालं. तिथले डॉक्टर तेहेम्टन उडवाडिया 1972 पासून रोगनिदानासाठी पोटात दुर्बीण घालून पाहत असत. 31 मे 1990 रोजी त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं; भारतातली ही अशी पहिली शस्त्रक्रिया. हे श्रीमंतांचे चोचले, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर नवल नव्हतं. पण लवकर कामावर परतण्याची गरज गरिबालाच अधिक! आज बहुतेक रोगी एकदोन दिवसांत घरी जातात. तरी आतला गुंता वाढला, तर शल्यवैद्याला मोठा छेद घ्यावा लागतो. त्यात रोग्याचंच हित असतं.

खडा दिसला की शस्त्रक्रिया केलीच पाहिजे, असंही नाही. त्रास न देणारे खडे बहुधा तसेच ठेवतात. पण उजव्या बरगडीखाली कळ, थंडी वाजून ताप आणि पिवळे डोळे ही तीन लक्षणं एकत्र दिसली, तर नलिकेत खडा अडकून पू होऊ लागल्याचा संशय धरावा. कधी लघवी गडद होते, शौचाला पांढरट होते, अंगाला खाज सुटते. आपल्याकडे अशा वेळी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात, माळ घालतात, झाडपाला देतात. मंत्रानं नलिकेतला खडा हलत नाही, आणि तापाचे दोन दिवस वाया गेले तर जिवावर बेततं. चांद्याहून पुणं काही फार लांब नाही. अशा रोग्याला त्याच दिवशी रुग्णालयात पोचवावं.