जिभेपासून सुईपर्यंत

विजेचे घरगुती प्रयोग म्हटले की तीन-चार लिंबे, त्यांत खोचलेले जस्ताचे खिळे नि तांब्याच्या पट्ट्या आणि शेवटी मिणमिणणारा एलईडी एवढेच चित्र समोर येते. शोध लागायचे ते प्रयोगशाळेत लागतात, घरात त्यांची नक्कल होते, असे आपण धरून चालतो. विजेच्या शास्त्राचा पाया घातला गेला तो काळ, म्हणजे साधारण १७५० ते १८३०, नीट पाहिला तर हा समज डळमळतो. सगळे मोठे शोध गरिबाच्या माडीवर लागले, असा उलटा दावाही मी करणार नाही. तो तितकाच भाबडा ठरेल. वीज निर्माण करण्याची साधने त्या काळी कमी नव्हती. अडत होते ते मोजण्यापाशी. मोजण्याचे काम माणसाच्या शरीराकडून काढून एका स्वस्त सुईकडे सोपवले गेले, तेव्हाच घरातल्या प्रयोगाला शास्त्राचे वजन आले.

शक्तीची उणीव नव्हती याचा पुरावा हॉलंडमधल्या हार्लेम शहरात आहे. तिथे मार्टिनस व्हान मारुम याच्यासाठी १७८४ मध्ये घर्षणाने वीज निर्माण करणारे एक अवाढव्य यंत्र बांधले गेले. १.६५ मीटर व्यासाच्या काचेच्या दोन चकत्या फिरवल्या की अर्ध्या मीटरहून लांब ठिणगी पडे. टेलर्स संग्रहालयात ते यंत्र आजही पाहायला मिळते. एवढा खर्च करून त्यातून विजेचा एखादा मूलभूत नियम निघाला का? नाही. ठिणगी लांब आहे हे डोळ्यांना दिसत होते, पण तिच्यामागे किती वीज वाहिली हे विचारायचे कशाला? उत्तर देणारे साधनच नव्हते. साठलेल्या विजेसाठी सोन्याच्या वर्खाच्या पानांचे विद्युतदर्शी होते, पण वाहत्या विजेपुढे ते निरुपयोगी होते.

मग लोक शरीर वापरत. बर्लिनच्या योहान सुल्झरने १७५० च्या दशकात शिसे आणि चांदी एकमेकांना टेकवून जिभेवर ठेवली आणि एक चमत्कारिक चव नोंदवली. त्यामागे वीज आहे हे मात्र त्याला उमगले नाही. बेडकाचा पाय धातूंच्या स्पर्शाने का आखडतो यावर बोलोन्याच्या गाल्वानीने १७९१ मध्ये ग्रंथ लिहिला. वीज बेडकात आहे, असे त्याचे मत. बेडूक हा केवळ वीज ओळखणारा अतिशय हळवा दर्शक आहे, वीज दोन धातूंच्या जोडीतून येते, असे व्होल्टाचे म्हणणे. या वादात व्होल्टानेही जीभच पुढे केली. लंडनमध्ये हेन्री कॅव्हेंडिश तर त्याआधीच, १७७० च्या दशकात, स्वतःच्या घरी आपल्या शरीराला झटके देऊन मिठाचे पाणी आणि लोखंडी तार यांच्या वहनाची तुलना करत होता. दोन झटके सारखेच वाटले की प्रवाह सारखा, ही त्याची रीत. तिच्यातून निघालेले आकडे आश्चर्य वाटावे इतके चांगले होते. पण हे प्रयोग त्याने छापलेच नाहीत. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने ते १८७९ मध्ये प्रकाशित केले, तोवर कॅव्हेंडिशला जाऊन जवळजवळ सत्तर वर्षे झाली होती. अंगाने केलेले मोजमाप त्या अंगाबरोबरच जाते, याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

२० मार्च १८०० रोजी व्होल्टाने लंडनच्या रॉयल सोसायटीला कोमोहून पत्र लिहिले. चांदी, जस्त आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा यांच्या चकत्या एकावर एक रचल्या की अखंड वीज मिळते, ही बातमी त्यात होती. या चवडीची रचनाच इतकी सोपी होती की वर्णन वाचून कुणीही ती उभी करावी. निकल्सन आणि कार्लाइल यांनी लंडनमध्ये तेच केले. पत्र जाहीर वाचले जाण्याआधीच, मे महिन्यात, चांदीची नाणी आणि जस्ताचे तुकडे रचून त्यांनी पाण्याचे विघटन करून दाखवले. हे खुद्द व्होल्टाच्या नजरेतून निसटले होते. ते का निसटले असावे, याचे उत्तर त्याच्या पत्रातच सापडते, असे मला वाटते: त्यातल्या नोंदी बोटांना बसलेला झटका, जिभेवरची चव, डोळ्यांपुढची चमक आणि कानातला आवाज यांच्या आहेत. तो आपल्या शरीराचे ऐकत राहिला, त्यामुळे तारेच्या टोकाशी येणाऱ्या बुडबुड्यांकडे त्याचे लक्ष गेले नाही.

१८१२ मध्ये बुकबाइंडरकडे उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅराडेने सात तांब्याची नाणी, सात जस्ताच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद घेऊन अशीच चवड केली आणि आपल्या मित्राला पत्रातून मोठ्या उत्साहाने कळवले. येथे कुणी म्हणेल, त्या सात नाण्यांतून नवे काय निघाले? काहीही नाही. पण बारा वर्षांपूर्वीचा एका प्राध्यापकाचा शोध उमेदवारी करणाऱ्या पोराला स्वतः पडताळून पाहता आला. हार्लेमच्या यंत्राच्या बाबतीत हे अशक्य होते. तिथे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवणे एवढेच वाचकाच्या हाती असे.

सुई आली ती १८२० मध्ये. कोपनहेगनच्या ओर्स्टेडने जुलैमध्ये जाहीर केले की वाहत्या विजेजवळ होकायंत्राची सुई वळते. दोन महिन्यांच्या आत जर्मनीत श्वायगरने तारेचे वेढे सुईभोवती घालून तो परिणाम कित्येक पटींनी वाढवला. वेढे एकमेकांना उघडे भिडू नयेत म्हणून तारेवर रेशीम गुंडाळायचे, की झाले प्रवाहमापक तयार. होकायंत्र दर्यावर्द्यांच्या दुकानात मिळे आणि रेशीम शिंप्याकडे. आता कोलोनमधला कमजोर प्रवाह आणि लंडनमधला कमजोर प्रवाह यांची तुलना जिभेवर सोडावी लागत नव्हती.

याचे फळ पाहायचे तर गेओर्ग ओम. कुलूप बनवणाऱ्याचा हा मुलगा कोलोनच्या एका शाळेत शिकवत होता आणि उपकरणे स्वतःच घडवत होता. त्याचे पहिले निष्कर्ष चुकले, कारण त्या काळच्या घटातून मिळणारा प्रवाह सतत घसरत असे. पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने घट बाजूला ठेवला आणि तांबे व बिस्मथ यांचा जोड घेतला. त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात. पाणी उकळण्याचे तापमान आणि बर्फ वितळण्याचे तापमान सहसा ढळत नाही, म्हणून प्रवाहही ढळेना. मग वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून टांगलेल्या सुईचे वळण मोजले, आणि १८२६ मध्ये आज शाळकरी मुलाला पाठ असलेला नियम हाती आला. उकळते पाणी आणि बर्फ यांहून घरगुती सामान कोणते? जर्मनीतल्या पंडितांनी त्याचे स्वागत थंडपणेच केले. रॉयल सोसायटीचे पदक यायला १८४१ उजाडले.

सर्वांत जड आक्षेप हम्फ्री डेव्हीच्या नावाने येतो. १८०७ मध्ये पोटॅशियम आणि सोडियम हे धातू वेगळे काढायला त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनच्या मोठ्या बॅटऱ्या लागल्या; सात नाण्यांनी ते होणारे नव्हते. हे मान्यच करायला हवे. शिवाय ओर्स्टेड आणि व्होल्टा दोघेही प्राध्यापक होते, आणि ओमची टांगलेली सुई काही कुणी सहज जाता जाता करावी अशी नव्हती. पण डेव्हीचा शोध रसायनाचा होता. वीज जितकी जास्त, तितका पदार्थ जास्त फुटणार. तिथे शक्तीलाच महत्त्व. विजेच्या स्वतःच्या वागण्याचा नियम शोधायला शक्ती लागत नाही, स्थिर प्रवाह आणि खरे बोलणारी सुई लागते, आणि ही दोन्ही स्वस्तात होत होती.

हिंदुस्थानात शरीराकडून सुईकडचा हा प्रवास फार थोड्या वर्षांत झाला. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातला विल्यम ओशॉनेसी याने १८३९ मध्ये बांबूंवर तार टांगून तारायंत्राचे प्रयोग केले, तेव्हा संदेश घेणारा माणूस बोटांना बसणाऱ्या झटक्यांवरूनच खुणा वाचत असे. १८५४ मध्ये तारमार्ग कलकत्त्याहून आग्र्यामार्गे मुंबईला पोहोचला, तेव्हा दिवसभर झटके खाणारा कारकून कुठेच लागला नाही.

तरी शरीर पुरते सुटलेले नाही. घरोघरी जो निऑनचा टेस्टर असतो तो हातातल्या माणसासकट सर्किट पुरे करतो. आत मोठा रोधक असल्यामुळे अंगातून जाणारा प्रवाह जाणवतही नाही एवढा क्षुल्लक असतो, आणि लहानसा दिवा लागतो. म्हणून त्याच्या साक्षीला मर्यादा आहेत. न्यूट्रलची वायर मध्येच तुटली आणि पुढे एखादे उपकरण चालू राहिले, तर टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो आणि नवखा गोंधळतो. जुने वायरमन म्हणूनच होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा टेस्ट लॅम्प जवळ बाळगत. दोन भोकांत त्या वायरी घातल्या की न्यूट्रल तुटली असेल तर बल्ब नीट पेटत नाही. अंगावर आणि पायाखालच्या जमिनीवर विसंबण्याची गरजच उरत नाही.