रथ, लगाम आणि महायंत्र

मनाने हाकावयाचे वाहन ही कल्पना भारतीय वाङ्मयास नवी नाही. रामायणातील पुष्पक विमान स्वामीच्या इच्छेनुसार जाते. त्याला घोडे लागत नाहीत, सारथीही लागत नाही. त्याच्या वेगाचे कौतुक पुष्कळ झाले आहे, परंतु त्याच्या स्वभावातील एका विशेषाकडे सहसा लक्ष दिले जात नाही. ते प्रथम कुबेराचे होते, रावणाने हिरावून घेतल्यावर तितक्याच तत्परतेने रावणाचे झाले, आणि युद्धानंतर त्याच विमानातून राम अयोध्येस परतला. ज्याच्या हाती पडेल त्याचे मन ते जाणते. त्या मनाची पारख मात्र करीत नाही. कठोपनिषदातील रथ याच्या अगदी उलट. तेथे शरीर हा रथ, आत्मा रथी, बुद्धी सारथी, इंद्रिये घोडे आणि मन हा लगाम. मन ही वाहनास ओढून नेणारी शक्ती नव्हे, आवरून धरणारी दोरी होय. मानवी मेंदू महाकाय यंत्रमानवाशी जोडण्याचा जो उद्योग विसाव्या शतकातील कल्पितकथांनी आरंभिला, त्याचा इतिहास पुष्पक आणि हा रथ यांच्या मधून जातो.

मधल्या काळात आपल्याकडे यंत्रपुरुषांचा तुटवडा नव्हता. कथासरित्सागरात कळीवर चालणाऱ्या लाकडी बाहुल्या आहेत, आणि अकराव्या शतकातील भोजाच्या नावावरील समराङ्गणसूत्रधारात दार राखणारे यंत्रपुरुषही आहेत. (यंत्रांची घडण आपण अज्ञानामुळे नव्हे, गुप्ततेसाठी पुरती सांगत नाही, असा खुलासा तो ग्रंथ करतो, या युक्तिवादास पुढील काळातही पुष्कळ अनुयायी लाभले.) पण ही यंत्रे माणसाबाहेरची. त्यांत कोणी बसत नाही.

महायंत्राच्या पोटात माणूस बसला तो प्रत्यक्षात कारखान्यात. भिलाईच्या हुडकोसारख्या वसाहतीतील वाचकास हे समजावून सांगावयास नको. घरबांधणीस कर्ज देणाऱ्या संस्थेचे आद्याक्षरी नाव तेथे वस्तीचे नाव होऊन बसले आहे. यंत्रयुगातील बारसे असेच व्हावयाचे. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशा कारखान्यात वितळलेल्या पोलादाने भरलेली लॅडल उचलणारी क्रेन छताखालच्या रुळांवरून सरकते, आणि तिचा चालक उंचावरच्या केबिनमध्ये बसतो. हात दांड्यांवर, डोळे खाली. खालचा सोबती हाताच्या खुणांनी सांगतो : उचल, थांब, डावीकडे ने. इच्छा आणि कृती यांच्यामध्ये एक दांडा आहे, एक खूण आहे, एक दुसरा माणूस आहे. हे अंतर काम मंदावते खरे. परंतु थांबावयास जागा आहे ती तेवढीच.

जपानी चित्रकथांनी नेमके हेच अंतर एकेक पायरीने काढून टाकले. मित्सुतेरु योकोयामा हा मूळ कोबेचा, आणि त्या शहराचा मोठा भाग १९४५ च्या बॉम्बवर्षावात जळून गेला होता. १९५६ साली त्याने आरंभिलेल्या ‘तेत्सुजिन २८’ या कथेतील यंत्रमानव जपानी लष्कराने युद्धासाठी कल्पिलेले शस्त्र आहे. युद्ध संपल्यावर त्याचे नियंत्रण एका लहान मुलाकडे येते, आणि तेही एका पेटीच्या रूपाने. पेटी चोराने पळवली की यंत्र चोराचे. पुष्पकाचा स्वभाव येथे जसाच्या तसा उतरला आहे, हा योगायोगच. पण अर्थपूर्ण योगायोग. योकोयामाच्याच १९६७ च्या ‘जायंट रोबो’त पेटीच्या जागी मनगटी घड्याळ आले, आणि आज्ञा मुलाच्या आवाजाने जाऊ लागली. दूरदर्शनने १९८० च्या दशकात दाखविलेला ‘जायंट रोबोट’ तो हाच. १९७२ साली गो नागाईच्या ‘माझिंगर झेड’मध्ये चालक आपल्या लहानशा विमानासह यंत्राच्या डोक्यात जाऊन बसला. मेंदूची जागा रिकामी होती, ती माणसाने भरली. आता उरला होता तो फक्त दांडा.

तो १९९५ साली हिदेआकी आन्नोच्या ‘इव्हँजेलियन’ या मालिकेत गळून पडला. चौदा वर्षांचा मुलगा एका नळीत बसतो, ती नळी महाकायाच्या मानेत खुपसली जाते, आणि दोघांचे मन कितपत जुळले आहे हे टक्केवारीत मोजले जाते. काटेकोरपणे पाहता ते यंत्र नव्हेच. चिलखताखाली जिवंत देह आहे. जुळणी जितकी चांगली, तितके ते शरीर आज्ञाधारक; आणि त्याची जखमही तितकीच चालकाची. महाकायाचा हात पिरगाळला जातो तेव्हा आतला मुलगा आपलाच हात धरून कळवळतो. त्याची शुद्ध हरपल्यावर मात्र ते धूड आपणहून उठते आणि लढू लागते. या प्रकारच्या कथा बालिश म्हणून बाजूस सारणाऱ्या समीक्षकाने या प्रसंगाशी थोडे थांबावयास हवे. लगाम तुटल्यावर रथाचे काय होते हा जुनाच प्रश्न येथे आहे. फरक इतकाच की रथाच्या वेदनेचा वाटा रथीकडे आला आहे. सामर्थ्याला किंमत जोडली गेली, आणि खेळण्याची कथा वाङ्मयाच्या उंबरठ्यावर आली ती येथेच. २०१३ च्या ‘पॅसिफिक रिम’ या चित्रपटात हा भार एका मेंदूस पेलत नाही म्हणून दोघांत वाटला जातो, आणि दोघांच्या आठवणी एकमेकांत मिसळतात. कल्पना सुरेख आहे. तिचे पुढे जे होते ते मात्र बेताचेच.

मराठीत जयंत नारळीकरांनी ‘वामन परत न आला’ या १९८० च्या दशकातील कादंबरीत वेगळी भीती निवडली. त्यांच्या यंत्रमानवाला कोणी हाकीत नाही. स्वतःसारखे दुसरे घडवावेत ही त्याचीच इच्छा आहे. रथी नसलेला रथ, असे म्हणता येईल.

प्रयोगशाळेतील इतिहास याहून सावकाश गेला. येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बेर्गर याने १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी प्रथम नोंदविल्या. त्यास ओढ होती ती एका मनाचा संदेश दुसऱ्या मनास कसा पोचतो याची. मेंदू आणि संगणक यांच्यातील थेट सांध्याची कल्पना जॅक व्हिदाल याने १९७३ साली मांडली. प्रत्यक्षात हा सांधा महाकायांच्या कामी आला नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात पक्षाघाताने जवळजवळ पंधरा वर्षे लुळ्या पडलेल्या एका स्त्रीने केवळ विचाराच्या बळावर यांत्रिक हात हलविला, आणि कॉफीची बाटली आपल्या तोंडाशी आणली.

त्याआधी चार वर्षे, जानेवारी २००८ मध्ये, अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात एक माकडीण फिरत्या पट्ट्यावर चालत होती. तिच्या मेंदूतील संकेत जपानमधील क्योटो येथील यंत्रमानवास पाठविले जात होते. ती सुमारे साडेपाच किलोची, तो सुमारे नव्वद किलोचा. तिच्या पावलांबरोबर त्याची पावले पडत होती आणि समोरच्या पडद्यावर तिला ती दिसत होती. मग संशोधकांनी पट्टा थांबविला. माकडीण उभी राहिली. तिचे डोळे पडद्यावरच होते. क्योटोतील यंत्रमानव आणखी सुमारे तीन मिनिटे चालत राहिला.