विजेची सायकल, तिचा पल्ला आणि आपले वजन

उमरी तालुक्यातील काळ्या जमिनीतून जाणाऱ्या पाणंदी उन्हाळ्यात दगडासारख्या कठीण होतात. पहिला मोठा पाऊस झाला, की त्याच वाटेवरचा चिखल मडगार्डात साचून सायकलचे चाक फिरेनासे होते. अशा प्रदेशात रुंद, खाचदार टायरची माउंटन बाइक ही चैन नसून सोय आहे. तिला मोटर आणि बॅटरी जोडली, की शेत, शाळा किंवा आठवडी बाजार गाठणे फारसे कष्टाचे राहत नाही. मात्र बॅटरी वाटेत संपली, तर वीस-पंचवीस किलोची तीच सायकल ओढत न्यावी लागते. म्हणूनच ‘एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर?’ हा प्रश्न खरेदीपूर्वी सर्वप्रथम विचारला जातो. त्याचे उत्तर म्हणून छापला जाणारा आकडा बहुधा हलका स्वार, सपाट रस्ता, पडलेला वारा आणि मोटरची किमान मदत गृहीत धरून काढलेला असतो.

आपला आकडा आपणच काढावा. बॅटरीवरील व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला, की तिच्यात साठणारी ऊर्जा वॅट-तासांत मिळते. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास. स्वार, सायकल व सामान मिळून १०० किलो वजन, बरा डांबरी रस्ता, ताठ बसलेला स्वार आणि ताशी २० किलोमीटर वेग धरला, तर केवळ मोटरवर किलोमीटरमागे साधारण साडेसात वॅट-तास खर्च होतात. म्हणजे पल्ला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस किलोमीटर. वेग ताशी २५ केला, की हाच खर्च दहाच्या घरात जातो आणि पल्ला सदतीस किलोमीटरच्या आसपास येतो. हिशेब ढोबळ आहे, पण ताशी पाच किलोमीटरच्या घाईची किंमत दहा किलोमीटर, हे प्रमाण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

याचे कारण हवेचा रोध. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्याला वाऱ्याचीही साथ मिळते. आषाढात उमरीहून मुदखेडकडे, म्हणजे पश्चिमेकडे निघालेल्या सायकलस्वाराला हे सांगावे लागत नाही. ताशी १० किलोमीटरचा वारा समोरून असेल आणि आपण २० चा वेग टिकवण्याचा हट्ट धरला, तर हवेचा रोध सव्वादोन पट होतो आणि पल्ला एकतृतीयांशाहून अधिक घटतो. अशा दिवशी वेग उतरवणे, कोपर वाकवून थोडे पुढे झुकणे आणि फडफडणारा रेनकोट आवळून बांधणे हे विनाखर्चाचे उपाय आहेत. वेगमर्यादेला कायद्याचीही बाजू आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची शक्ती पाव किलोवॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोपर्यंत असेल, तरच असे दुचाकी वाहन मोटार वाहन गणले जात नाही. वेगाची मर्यादा काढून देणारा मेकॅनिक पल्ला तर घटवतोच, शिवाय नोंदणी व परवान्याचा प्रश्नही उभा करतो.

त्यानंतर टायर. खाचदार रुंद टायरमधील हवा उतरली, की रस्त्याशी होणारा रोध वाढतो. तो चाळीस टक्क्यांनी वाढला, तर सपाट रस्त्यावर मोटरच्या दृष्टीने चाळीस किलोचे पोते मागे बांधल्यासारखेच झाले. टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत राहून डांबरी रस्त्यासाठी हवा भरपूर ठेवावी आणि पाणंदीत शिरताना थोडी कमी करावी. हलक्या ट्यूबचा मोह मात्र या भागात टाळावा. बाभळीचे काटे जेथे वाटेवर पसरलेले असतात, तेथे जाड ट्यूब किंवा आत ओतलेले पंक्चररोधक द्रव यांचे वाढीव वजन हसत सोसावे.

आता वजनाचा मुद्दा. सर्वाधिक चर्चा त्याची होते आणि सर्वाधिक गैरसमजही त्याविषयीच आहेत. वरील उदाहरणात एकूण वजन दहा किलोंनी घटवले, तर सपाटीवर वाचणारी ऊर्जा किलोमीटरमागे अर्ध्या वॅट-तासाहूनही कमी असते. चाळीस किलोमीटरच्या प्रवासाअंती हाती लागतात ते जेमतेम दोन किलोमीटर. उमरीच्या दक्षिणेस गोदावरीच्या खोऱ्यात किंवा दासगणू महाराजांमुळे परिचित असलेल्या गोरट्याकडे सायकल चालवणाऱ्याने हलक्या हँडलसाठी हजारो रुपये मोजणे म्हणूनच व्यर्थ आहे.

चढावर चित्र पालटते. १०० किलोचा भार १०० मीटर उंच नेण्यास भौतिकशास्त्राच्या हिशेबाने २७ वॅट-तास लागतात. मोटरमधील अपव्यय धरला, तर बॅटरीतून सुमारे ३६, म्हणजे आपल्या बॅटरीचा दहावा हिस्सा. येथे वजन दहा टक्क्यांनी घटले, की चढाचा खर्चही जवळजवळ दहा टक्क्यांनी घटतो. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेकडील किनवट-माहूरच्या डोंगराळ रस्त्यांवर किंवा पुण्याच्या सिंहगडावर हा फरक जाणवतो. शहरातील सिग्नलही लहान चढच होत. शून्यातून ताशी २० चा वेग घेण्यास दर वेळी अर्ध्या वॅट-तासाहून अधिक ऊर्जा जाते, आणि असे पन्नास थांबे झाले, की सुमारे चार किलोमीटरचा पल्ला संपतो.

सायकलवरून सहज उतरवता येईल असे वजन कोणते? दोन किलोचे साखळीकुलूप, रोज उगाच सोबत फिरणारा चार्जर, न वापरलेले कॅरिअर, पिशवीत साचलेली अवजारे. पण सर्वांत मोठी बचत बॅटरीच्या प्रकारात आहे. जुन्या सायकलला मोटर जोडून घेताना स्वस्त म्हणून शिसे-आम्लाच्या तीन बॅटऱ्या बसवल्या जातात. त्यांचे वजन दहा-बारा किलो भरते, तर तेवढीच ऊर्जा देणारी लिथियम बॅटरी अडीच-तीन किलोची असते. शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार तळापर्यंत रिकामी केली, तर तिचे आयुष्यही झपाट्याने घटते.

आधी वजन, मग मोटर हा क्रम महाराष्ट्रात फार पूर्वी ओळखला गेला होता. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकल-रिक्षावर काम केले आणि त्याचा वृत्तांत २००२ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी सायकल-रिक्षा हलकी केली, तिला गिअर व चांगले ब्रेक दिले. पायडलला मोटरची जोड असलेली आणि संपूर्णपणे विजेवर चालणारी, अशा दोन रिक्षाही त्यांनी तयार केल्या. ओढणाऱ्या माणसाचे कष्ट कमी करणे हा त्यामागील हेतू होता. आजच्या चकचकीत सायकलींच्या जाहिरातींत या कामाचा उल्लेख आढळत नाही, हे खेदाचे आहे.

राहता राहिले स्वाराचे वजन. बहुतेकांच्या बाबतीत दहा किलो सायकलवरून नव्हे, शरीरावरूनच उतरू शकतात. येथेही आकडे सरळ सांगावेत. तासभर ७५ वॅट जोर लावून पायडल मारल्यास सुमारे २७० किलोकॅलरी खर्च होतात. एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० किलोकॅलरी असतात. म्हणजे आहार तोच ठेवून रोज एक तास असा जोर लावला, तर महिन्याला एक किलो. वाटेतला मोठा समोसा आणि गोड चहा त्या तासाची कमाई सहज परत करतो. थ्रॉटल पिळून बसून राहणाऱ्याचे तर वजनही घटत नाही आणि पल्लाही वाढत नाही.

पायडल मारण्याचा लाभ मात्र वजन उतरण्याची वाट पाहत नाही. ताशी २० च्या वेगाला सपाटीवर चाकाशी ११०-११५ वॅट लागतात. त्यातील ६० स्वाराने दिले, की मोटरचा भार निम्म्यावर येतो आणि पल्ला जवळजवळ दुप्पट होतो. ६० वॅट म्हणजे दम न लागता, गप्पा मारत चालवण्याइतका जोर. सराव वाढला, की हाच आकडा शंभराच्या दिशेने सरकतो. तोवर मोटरची मदत सर्वांत खालच्या पायरीवर ठेवावी, थांब्यावरून निघताना पहिली दोन-तीन आवर्तने पायांनीच द्यावीत. चढावर गिअर आधीच उतरवावा. मागच्या चाकाच्या तुंब्यातील मोटर फार मंद फिरू लागली, की वीज गतीत कमी आणि उष्णतेत अधिक जाते. अशा वेळी पायांचा जोर वाढवून चाक फिरते ठेवणे मोटरच्याही हिताचे असते. गिअरच्या हब-मोटरमध्ये उतारावर वीज परत मिळण्याची सोय सहसा नसते, हेही जाणून असावे.

नांदेडच्या मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. लिथियम बॅटरी पंचेचाळीस अंशांवर चार्ज करू नये असा सर्वसाधारण दंडक आहे. उन्हातून आल्याबरोबर प्लग लावू नये. बॅटरी काढून घरात, सावलीत निवू द्यावी आणि रात्री किंवा पहाटे चार्ज करावी. पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत दिवसेंदिवस पडून राहिली, तर तिची साठवणशक्ती लवकर घटते. सुटीत गावाला जाताना ती निम्मी भरलेली ठेवावी. काही वर्षांच्या वापरानंतर बॅटरीची क्षमता ऐंशी टक्क्यांवर येणे स्वाभाविक आहे, तेव्हा नवी सायकल घेताना रोजचे अंतर त्या ऐंशी टक्क्यांत बसते का, ते पाहूनच बॅटरी निवडावी.